वाट मोकळी करणारा जीन अपशॉ

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या पोरांचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा. मैदान शंभर यार्डांचे, इकडचे अकरा गडी आणि तिकडचे अकरा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही सरकले तर चेंडू दुसऱ्या बाजूकडे. ऐकायला सोपा वाटतो. पण त्यात अंगाला अंग असे भिडते की आपली कबड्डी त्यापुढे मवाळ वाटावी. म्हणूनच डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या बांधून ही मंडळी मैदानात उतरतात.

या अकरांपैकी पाच जणांची एक फळी असते. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि कडेला दोन टॅकल. या फळीला ऑफेन्सिव्ह लाईन म्हणतात. चाल करून येणारे समोरचे धिप्पाड गडी छातीवर घ्यायचे, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंदांची उसंत मिळवून द्यायची आणि चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी गर्दीत वाट फोडायची, हे यांचे काम. चेंडू मात्र यांच्या वाट्याला येत नाही. पुढे फेकलेला चेंडू झेलायची परवानगीसुद्धा नियम त्यांना सहसा देत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे. उमेद गेली ती खतावण्या लिहिण्यात. त्यामुळे कुठलाही खेळ पाहिला की त्याची नोंदवही कशी ठेवतात इकडे आमचे लक्ष आधी जाते. या खेळाची वही मोठी गमतीची आहे. कोणी किती यार्ड पळाला, कोणी किती चेंडू झेलले, किती गुण केले, सगळ्याचे रकाने भरलेले. फळीतल्या पाच जणांचा रकाना मात्र जवळजवळ कोरा. नाव एकदाच पुकारले जाते, ते समोरच्याला बेकायदा धरून ठेवल्याबद्दल. मग पंच दहा यार्डांचा दंड करतो आणि भर मैदानात त्याच्या सदऱ्याचा क्रमांक जाहीर करतो. जमा बाजूला काही नाही, नावे बाजूला मात्र चोख नोंद! ज्यांच्या घरातली माणसे गोदीत, गिरणीत, सफाई खात्यात राबली त्या वाचकांना ही हिशेबाची रीत समजावून सांगायला नको.

अशा फळीत पंधरा हंगाम उभा राहिलेला आणि नंतर पंचवीस वर्षे खेळाडूंची युनियन चालवणारा माणूस म्हणजे जीन अपशॉ. आज त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे आम्ही योजले आहे.

जीन यांचा जन्म १५ ऑगस्ट १९४५ चा. गाव टेक्सास राज्यातले रॉब्सटाऊन. भोवताली कापसाचा मुलूख. लहानपणी जीनने भावांबरोबर कापूस वेचला. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांनी बोटे कशी सोलवटतात हे वऱ्हाडातल्या आमच्या आयाबहिणी सांगतील. टेक्सासमध्ये त्या वेळी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याची कायद्याचीच रीत होती. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला हा भेद घटनाबाह्य ठरवला तेव्हा जीनला नववे वर्ष चालू होते.

शाळेत असताना तो काही नावाजलेला फुटबॉलपटू नव्हता. टेक्सास ए अँड आय या त्या मानाने लहान महाविद्यालयात गेला तेव्हा त्याला खेळासाठी कोणी आमंत्रण धाडले नव्हते. तिथेच तो संघात शिरला, तिथेच अंगाने वाढला आणि सहा फूट पाच इंचांचा झाला. १९६७ साली व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले त्यात ओकलंड रेडर्स या संघाने त्याला पहिल्याच फेरीत, सतराव्या क्रमांकावर घेतले. कॅन्सस सिटीच्या संघात बक ब्युकॅनन नावाचा सहा फूट सात इंचांचा गडी होता. त्याला अडवायला तसाच उंच माणूस रेडर्सना हवा होता, असे सांगतात.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी क्वार्टरबॅक, सेंटर आणि गार्ड या मधल्या जागा प्रामुख्याने गोऱ्या खेळाडूंना मिळत. या जागांना डोके लागते, आणि काळ्या माणसाने पळावे, उड्या माराव्यात, डोके चालवायचे काम त्याचे नव्हे, असा तो समज. तसे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. पण १९७० च्या सुमारास समाजशास्त्रज्ञांनी संघांच्या याद्या घेऊन कोणत्या जागेवर किती गोरे, किती काळे हे मोजले आणि लपलेला भेद आकड्यांत उघडा पडला. अशा काळात अपशॉ डावा गार्ड म्हणून उभे राहिले आणि पंधरा वर्षे ती जागा त्यांच्याकडेच राहिली.

ज्या ओकलंड शहरात ते खेळायला आले तिथेच १९६६ च्या ऑक्टोबरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला होता. त्याच नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना ठाऊकच आहे. अपशॉ पँथर होते असे कोणी समजू नये. त्यांचा मार्ग निराळा होता. पण एकाच शहराच्या हवेत हे दोन्ही चालू होते, एवढे ध्यानात असू द्यावे.

१९६८ साली रेडर्समध्ये आर्ट शेल आले आणि डाव्या टॅकलच्या जागी अपशॉंच्या खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले. अपशॉ हातांना कोपरापर्यंत जाड पट्ट्या गुंडाळून उतरत, ते हात नव्हेत, सोटेच वाटावेत. या जोडीची कमाल पाहायची तर ९ जानेवारी १९७७ चा सामना पाहावा. हा सुपर बोल, म्हणजे वर्षाचा अंतिम सामना. समोर मिनेसोटा वायकिंग्ज, आणि त्यांची पुढची फळी देशभर दरारा असलेली. जॉन मॅडन यांच्या शिकवणीखालच्या रेडर्सनी त्या दिवशी चेंडू घेऊन पळत पळत २६६ यार्ड कमावले, त्यातले बरेचसे डाव्या बाजूने. क्लॅरेन्स डेव्हिस एकटा १३७ यार्ड पळाला. वायकिंग्जचा नामांकित जिम मार्शल शेल यांच्या समोर होता. त्याच्या नावावर पूर्ण सामन्यात एकही पकड लागली नाही. सामना रेडर्सनी ३२ विरुद्ध १४ असा जिंकला. वहीत डेव्हिसचे १३७ यार्ड लिहिले गेले. अपशॉ आणि शेल यांचा रकाना नेहमीप्रमाणे कोराच राहिला.

अपशॉ एकूण तीन सुपर बोल खेळले. पहिला जानेवारी १९६८ मध्ये, तो हरले. दुसरा वर सांगितलेला. तिसरा जानेवारी १९८१ मध्ये, तोही जिंकला. नियमित हंगामांतले २१७ सामने त्यांच्या खात्यावर आहेत. १९८७ साली, म्हणजे पात्र ठरताच, त्यांना या खेळाच्या सन्मानदालनात घेण्यात आले. दोन वर्षांनी शेल यांनाही तिथे स्थान मिळाले, आणि त्याच १९८९ साली रेडर्सनी शेल यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. त्या लीगच्या आधुनिक काळातला तो पहिला काळा मुख्य प्रशिक्षक. त्याआधीचा फ्रिट्झ पोलार्ड पार १९२० च्या दशकातला. मधली साठेक वर्षे एकही काळा माणूस मालकांना लायक दिसला नाही!

पण आम्हाला अपशॉ जास्त महत्त्वाचे वाटतात ते मैदान सोडल्यानंतरचे.

खेळाडूंची युनियन होती, पण मालक तिला फारशी भीक घालत नसत. मुख्य दुखणे असे की करार संपला तरी खेळाडूला मनासारखा दुसरा संघ धरता येत नसे. नवा संघ त्याला घ्यायला तयार असला तरी जुन्या संघाला भरपाई द्यावी लागे आणि ती किती हे लीगचा प्रमुख ठरवी. मग कोण कशाला घेतो? युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन मॅकी यांनी याविरुद्ध दावा लावला आणि १९७६ साली न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. पण लगेच पुढच्या वर्षीच्या करारात युनियनने वाटाघाटीत हातचे बरेच घालवले. १९८२ साली ५७ दिवसांचा संप झाला. अपशॉ तेव्हा युनियनचे अध्यक्ष होते. १९८३ साली ते कार्यकारी संचालक झाले आणि सगळा कारभार त्यांच्याकडे आला.

खरी कसोटी १९८७ साली लागली. २२ सप्टेंबरला संप सुरू झाला. मागणी एकच, करार संपल्यावर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य. मालकांनी या वेळी तयारी करून ठेवली होती. त्यांनी एका आठवड्याचे सामने रद्द केले आणि पुढच्या आठवड्यापासून बदली खेळाडू उभे केले. कोण हे बदली? महाविद्यालयात कधीकाळी खेळलेले, संघांतून वगळलेले, कुठे कुठे पोटापाण्याची कामे करणारे लोक. त्यांच्यावर आम्हाला राग धरवत नाही. गरजू माणसाला दोन-तीन आठवड्यांची कमाई समोर दिसली. दूरदर्शन कंपन्यांनी ते सामने दाखवले आणि ते निकाल अधिकृत धरले गेले. मग संपकऱ्यांमध्येच चुळबुळ सुरू झाली. जो मोंटाना, लॉरेन्स टेलर यांच्यासारखे मोठे तारे फळी सोडून कामावर गेले. ज्यांना थांबणे परवडले असते तेच आधी गेले, हे आम्हाला बोचते.

२४ दिवसांनी युनियनने संप मागे घेतला. हाती करार नाही, काही नाही. त्यावर कडी म्हणजे, परतायची मुदत टळली असे सांगून मालकांनी त्या आठवड्यातही त्यांना खेळू दिले नाही. आणखी एका सामन्याचा पगार बुडाला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला त्या दिवशी त्या खेळाडूंच्या घरी काय वातावरण असेल ते ओळखता येते. मग ते घर अमेरिकेतले का असेना.

इथून पुढे अपशॉंनी जे केले ते मोठे धोरणी होते. संप मागे घेतला त्याच दिवशी युनियनने मालकांच्या मक्तेदारीविरुद्ध न्यायालयात दावा ठोकला. त्यात एक अडचण निघाली. १९८९ साली अपील न्यायालयाने असे म्हटले की युनियन मालकांशी सामुदायिक वाटाघाटी करणारी संस्था आहे तोवर खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेता येणार नाही. म्हणजे युनियन आहे म्हणून हक्क नाही! तेव्हा अपशॉंनी युनियनची ती मान्यताच सोडून दिली. कागदोपत्री वाटाघाट करणारी युनियन राहिली नाही, नुसती खेळाडूंची संस्था उरली. आयुष्यभर झेंडा धरलेल्या माणसाला असा कागद करताना काय वाटले असेल? आपल्याकडच्या किती पुढाऱ्यांना नाव, पाटी, शिक्का सोडवला असता याचा ज्याने त्याने विचार करावा.

त्यानंतर फ्रीमन मॅकनील आणि इतर सात खेळाडूंचा दावा मिनिआपोलिसच्या न्यायालयात उभा राहिला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये ज्युरीने मालकांची बंधने बेकायदा ठरवली. पाठोपाठ रेजी व्हाईट या खेळाडूच्या नावाने सर्व खेळाडूंच्या वतीने दावा आला. आता मालक वाटाघाटीला बसले. १९९३ साली तडजोड झाली. ठराविक हंगाम खेळलेल्या आणि करार संपलेल्या खेळाडूला संघ निवडण्याची मोकळीक मिळाली. बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली, पण ती लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली, उत्पन्न वाढले की तीही वाढणार. १९९४ साली ती दर संघाला सुमारे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २००८ साली ११ कोटी ६० लाखांच्या वर गेली. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण बहुतेकांची कारकीर्द चार-दोन वर्षांत आटोपते आणि गुडघा एकदा गेला की गेला, हेही त्यासोबत वाचावे. बहुतेकांच्या पगाराला पूर्ण हमी नसे, ती अपशॉंना मिळवता आली नाही. मालकांशी त्यांचे फार जमते अशी टीकाही होऊ लागली.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. ती न लिहिली तर आमच्या वाचकांशी आम्ही प्रतारणा केली असे होईल.

ज्यांनी १९६०-७० च्या काळात कमी पैशांत हाडे झिजवली ते जुने खेळाडू म्हातारे झाले. कोणाचे गुडघे गेले, कोणाची स्मृती. पेन्शन तुटपुंजी. त्यांनी युनियनकडे पाहिले तेव्हा २००६ साली अपशॉंनी वर्तमानपत्राला सांगितले की आपण त्यांचे नोकर नाही, आपण आज खेळणाऱ्यांसाठी काम करतो. कायद्याने ते खोटे नव्हते. युनियनमध्ये मत आज खेळणाऱ्यांना, निवृत्तांना मत नाही. पण बोलणे जिव्हारी लागले. बफेलो संघाचा जो डेलामिलूर नावाचा जुना खेळाडू, तोही गार्ड आणि तोही सन्मानदालनातला, उघडपणे टीका करू लागला. तेव्हा त्याची मान मोडण्याची भाषा अपशॉंनी २००७ साली एका मुलाखतीत केली. दोघेही एकाच जागेवर खेळलेले, दोघांचेही रकाने कोरे. तरी अशी वेळ आली.

माईक वेब्स्टर यांचे उदाहरण याहून कठीण आहे. पिट्सबर्ग संघाचे सेंटर, चार सुपर बोल जिंकलेले. या जागेवरचा माणूस जवळपास प्रत्येक चालीत डोके आपटून घेतो. निवृत्तीनंतर त्यांचे मन ठिकाणावर राहिले नाही, पैसा गेला, काही रात्री गाडीत झोपून काढल्या. २००२ साली पन्नासाव्या वर्षी ते वारले. पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू हे मूळचे नायजेरियाचे. वेब्स्टर यांच्या मेंदूत वारंवार बसलेल्या धक्क्यांनी झालेला आजार त्यांना दिसला आणि २००५ साली त्यांनी तो वैद्यकीय नियतकालिकात मांडला. लीगच्या डॉक्टरांनी तो लेख मागे घ्या म्हणून तगादा लावला. वेब्स्टर यांना डोक्याच्या दुखापतींनी कायमचे अपंगत्व आले हे निवृत्तिवेतन मंडळाने आधीच मान्य केले होते. पण ते केव्हापासून, यावर घोळ घालून कमी रक्कम दिली. अखेर २००६ साली अपील न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. त्या मंडळावर निम्मे सभासद मालकांचे होते आणि निम्मे युनियनचे. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत.

जॉन मॅकी, ज्यांच्या दाव्याने सगळ्यांची वाट उघडली, त्यांना स्मृतिभ्रंश झाला. पत्नी सिल्व्हिया यांनी लीगच्या प्रमुखांना पत्र लिहून घरची परिस्थिती कळवली. त्यातून २००७ साली लीग आणि युनियन यांनी मिळून अशा रुग्णांच्या देखभालीसाठी वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत मदतीची योजना केली. मॅकींच्या सदऱ्याचा क्रमांक ८८ होता म्हणून हा आकडा. एका बाईच्या पत्राने जे झाले ते मंडळाच्या इतक्या बैठकांत झाले नव्हते.

२००८ च्या ऑगस्टमध्ये अपशॉ आजारी पडले. स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे १७ तारखेला कळले आणि २० तारखेला ते गेले. वयाची ६३ वर्षे पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. त्यांच्या सदऱ्याचा क्रमांकही ६३ च. त्या हंगामात सर्व संघांच्या खेळाडूंनी त्यांच्या नावाची आद्याक्षरे अंगावर लावली. आणि त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने निवृत्त खेळाडूंच्या नावांच्या विक्रीहक्काबाबत युनियन त्यांच्याशी प्रामाणिक राहिली नाही असे ठरवून २ कोटी ८१ लाख डॉलर भरपाईचा निकाल दिला. असल्याच हक्कांच्या पैशावर अपशॉंनी पडत्या काळात कोर्टकचेऱ्या लढल्या होत्या.

मेंदूच्या दुखापतींचे दावे पुढे हजारोंनी आले. २०१३ साली लीगने तडजोड मान्य केली आणि २०१५ साली न्यायालयाने ती मंजूर केली. कागदावर सगळे ठीक होते. पण भरपाई ठरवताना माणसाची बुद्धी किती घटली हे मोजायचे, त्यासाठी आधी ती किती होती हे धरायचे, आणि त्यात काळ्या माणसासाठी मुळातच खालची पातळी धरण्याची सोय ठेवलेली! त्यामुळे त्याच चाचणीत तेवढेच गुण पडलेला गोरा भरपाईला पात्र ठरे आणि काळा ठरत नसे. अपशॉंच्या तरुणपणी क्वार्टरबॅक आणि गार्डच्या जागा ज्या समजुतीने अडवल्या होत्या तीच समजूत इथे हिशेबाच्या सूत्रात जाऊन बसली होती. दोन काळ्या माजी खेळाडूंनी २०२० साली यावर दावा केला. खेळाडूंच्या कुटुंबीयांनी सह्या गोळा केल्या आणि २०२१ साली पन्नास हजार सह्यांची निवेदने फिलाडेल्फियाच्या न्यायालयात नेऊन दिली. जून २०२१ मध्ये लीगने ही रीत बंद करण्याचे कबूल केले. मार्च २०२२ मध्ये न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी नवी पद्धत मंजूर केली आणि ज्यांचे अर्ज पूर्वी फेटाळले गेले होते त्या काळ्या खेळाडूंचे गुण पुन्हा मोजण्याचा मार्ग उघडला.